पुनवेवर आळ

रविवार, २३ डिसेंबर २०१८. इस्लामपुरात आमच्या घरी सकाळचा चहा चालला होता. मोबाइलवर बातमी होती की इंडोनेशियात रात्री सुनामी आली, माणसं गेली. मी ती मोठ्यानं वाचली. आई आदल्या दिवशीच्या दत्तजयंतीचा सुंठवडा पुडीतून डब्यात काढत होती. मान वर न करता म्हणाली, "काल पुनव हुती न्हवं? समुद्र फुगणारच की."

समुद्र आमच्यापासून शंभर-एक किलोमीटरवर आहे, आणि मधे सह्याद्री आडवा. आईनं तो उभ्या आयुष्यात दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला. मी हसलो. मग दिवसभरात कळलं की आदल्या रात्री इंडोनेशियाच्या हवामान खात्यानंही लोकांना जवळजवळ हेच सांगितलं होतं.

तेव्हापासून त्या दिवसाच्या वेळा मी एका वहीत उतरवत आलोय. जकार्ताचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं चालतं. खाली तिथली वेळ आधी दिलीय, आपली कंसात. कंसातली वेळ वाचताना कृष्णाकाठचा औदुंबरचा घाट डोळ्यांपुढं आणावा. त्या संध्याकाळी आम्ही तिथं होतो.

२७ ऑगस्ट १८८३, सकाळी १०:०२

इतक्या मागून सुरुवात करणं भाग आहे. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाताऊ बेटाचा शेवटचा मोठा स्फोट झाला. त्याचा आवाज ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. बेटाचा बहुतेक भाग समुद्रात बसला, आणि उठलेल्या लाटांनी दोन्ही किनाऱ्यांवरची गावं धुऊन नेली. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३६,४१७. त्या लाटांचा उरलासुरला हेलकावा आपल्या मुलखापर्यंतही आला. बंदरांवरच्या भरती मोजणाऱ्या यंत्रांच्या कागदावर त्याच्या रेघा उमटल्या, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या मेजर बेअर्ड यांनी १८८४ साली त्यावर अहवाल लिहिला. दूरच्या बेटाचं दुखणं आपल्या पाण्यात कळतं, हे तेव्हापासून कागदोपत्री आहे.

बेट गेलं तिथं समुद्राच्या तळाशी सुमारे अडीचशे मीटर खोल खड्डा राहिला.

१९२७ ते २०१२

१९२७ साली त्याच खड्ड्याच्या कडेला नव्या ज्वालामुखीनं पाण्यावर डोकं काढलं. दोन-तीन वर्षं तो वर येई, लाटा त्याला खाऊन टाकत. १९३० पासून मात्र तो कायमचा वर राहिला. लोकांनी नाव ठेवलं अनाक क्राकाताऊ. अनाक म्हणजे पोर.

पोराची जागा फार वाईट होती. आपल्याकडं विहीर खणताना निघालेला मुरूम लांब नेऊन टाकतात. तोच मुरूम कोणी विहिरीच्या काठावर रचत गेला, पाटीवर पाटी, नव्वद वर्षं, तर काय होईल हे वाळवा तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. अनाक क्राकाताऊची नैऋत्य बाजू त्या अडीचशे मीटर खड्ड्याच्या उतारावर उभी होती. राख, लाव्हा, पुन्हा राख, असे थर चढत होते आणि खालचा आधार तेवढाच होता.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. २०१२ साली थॉमस जियाकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत एक इंडोनेशियन शास्त्रज्ञही होते, संगणकावर हा डोंगर पाडून बघितला. नैऋत्य बाजूचा ०.२८ घन किलोमीटर भाग एकदम घसरला तर लाटा जावाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांत ३५ ते ४५ मिनिटांत पोहोचतील, असं त्यांनी छापून ठेवलं. कुठली बाजू, कुठली गावं, किती मिनिटं, सगळं त्यात होतं. दिवस तेवढा सांगितला नव्हता, तो कोणालाच सांगता येत नाही.

जून २०१८

ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. तिथं याचं कौतुक नसतं, तो अधूनमधून पेटतोच. सरकारनं इशाऱ्याची दुसरी पातळी ठेवली होती. अर्थ एवढाच की तोंडापासून दोन किलोमीटरच्या आत जाऊ नका. उपग्रहाच्या चित्रांत दिसत होतं की नैऋत्य उतार वर्षभर हळूहळू समुद्राकडं सरकतोय. पण ती चित्रं एकापुढं एक लावून कोणी बघितली ती डोंगर पडल्यावर, आणि निष्कर्ष छापून आला २०१९ मध्ये.

शुक्रवार, २१ डिसेंबर २०१८, दुपारी १:५१ (१२:२१)

भूगर्भ खात्याची सूचना आली: उद्रेक चालू, पातळी तीच. राखेची काळजी घ्या. लाटेचा शब्दही नाही.

शनिवार, २२ डिसेंबर, सकाळी ७:०० (पहाटे ५:३०)

हवामान खात्यानं, म्हणजे बीएमकेजीनं, सुंदा सामुद्रधुनीत २२ ते २५ डिसेंबर मोठ्या लाटांचा इशारा दिला. हा इशारा वाऱ्यापावसाच्या लाटांचा होता. ही नोंद लक्षात ठेवा, रात्रीच्या गोंधळाचं मूळ इथंही आहे.

आमच्याकडं त्या वेळी पहाटेचा गारठा होता आणि आई अंघोळ उरकून पारायणाची शेवटची पानं वाचायला बसली होती.

सकाळी ९ ते ११ (७:३० ते ९:३०)

बीएमकेजीचं एक पथक उपकरणं तपासायला सामुद्रधुनीत गेलं होतं. जोराचा पाऊस, वारा आणि उंच लाटा बघून ते घाईनं किनाऱ्याला परतलं.

दुपार

नाताळची सुट्टी, त्यात शनिवार. जकार्ताहून गाड्या भरून माणसं अन्येर, चारिता, तांजुंग लेसुंगच्या किनाऱ्यांवर उतरत होती. आपल्याकडची माणसं गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला जातात तशीच: खोली समुद्रासमोरची हवी, जेवण वाळूवर हवं. समोर लांबवर ज्वालामुखीचा लाल उजेड दिसतो, ते तिथलं एक आकर्षणच.

संध्याकाळी ७:३० (६:००)

औदुंबरला जन्मकाळाची वेळ. सूर्य नुकताच बुडाला होता, घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणा झाला, गुलाल-फुलं उधळली, सुंठवड्याच्या पुड्या हातोहात फिरल्या. पलीकडं भुवनेश्वरीच्या बाजूनं चंद्र वर आला. डिसेंबरातली कृष्णा शहाणी असते. पावसाळ्यात हीच बाई देवळात शिरते. आई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली आणि पायानं पाणी चाचपून म्हणाली, "किती खाली गेलंय गं बया."

तांजुंग लेसुंगच्या किनाऱ्यावर तोच चंद्र. तिथं समुद्राकडं पाठ करून एक स्टेज बांधला होता. पीएलएन या सरकारी वीज कंपनीच्या, त्यांची महावितरण म्हणा, कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा मेळावा होता. गाण्याला सेव्हन्टीन नावाचा तिथला गाजलेला बँड.

८:५५ (७:२५)

डोंगराची नैऋत्य बाजू समुद्रात गेली.

त्याआधी दोनेक मिनिटं एक छोटा हादरा यंत्रांवर नोंदला गेला. मग एक-दोन मिनिटांत सगळं आटोपलं. ३३८ मीटर उंचीचा डोंगर काही दिवसांत ११० मीटरवर आला, आणि त्याची सुरुवात या दोन मिनिटांनी झाली. पडलेल्या ढिगाऱ्यानं ढकललेलं पाणी आजूबाजूच्या निर्जन बेटांवर ८० मीटरहून वर चढलं. नंतर गेलेल्या शास्त्रज्ञांना तिथं झाडंच काय, मातीही उरलेली दिसली नाही.

आता यंत्रणेकडं बघू. २००४ च्या सुनामीनंतर इंडोनेशियानं सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा उभी केली. तिचं काम असं: मोठा भूकंप झाला की यंत्रं त्याची जागा, खोली, क्षमता काढतात आणि काही मिनिटांत किनाऱ्याला इशारा जातो. म्हणजे घंटेची दोरी भूकंपाच्या हातात. बीएमकेजीनं नंतर हिशोब मांडला तेव्हा ह्या कोसळण्याचा हादरा ३.४ क्षमतेच्या भूकंपाइतका निघाला.

३.४ म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको. कोयना-वारणेच्या पट्ट्यात एवढ्या धक्क्याला कोणी पांघरुणातून पाय काढत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, 'कोयना परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्यानं हादरला'. ज्यांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, अंगणात उभ्यानं काढली, ती आईच्या पिढीची माणसं तर अशा धक्क्यांना हिशोबातच धरत नाहीत. तिकडच्या यंत्रांनीही धरलं नाही. घंटा वाजली नाही.

९:०३ (७:३३)

भूगर्भ खात्याची नोंद: पुन्हा उद्रेक. बेटावरचं भूकंपमापक बंद पडलं. पहारेकरी सगळ्यात आधी गेला. शेजारच्या बेटावरचं यंत्र सतत थरथर दाखवत होतं, पण त्या थरथरीवरून लाट निघालीय हे ओळखणारं कोणी खुर्चीत बसलेलं नव्हतं. ज्वालामुखी एका खात्याचा, सुनामी दुसऱ्या खात्याची. आपल्या वाचकाला याचं नवल वाटू नये.

आणि लाट वाटेत होती. खोल समुद्रात लाट तपासणारे तरंगते बोये २०१२ पासून बंद होते. चोऱ्या, मोडतोड, दुरुस्तीला पैसे नाहीत. त्यामुळं लाट किनाऱ्याला लागेपर्यंत ती आहे हे कोणालाही कळायचा मार्ग नव्हता. बत्तीस मिनिटं. तेवढ्या वेळात आमची गाडी अंकलखोपपासून उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत होती. गळिताचे दिवस, प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. पुढच्याला ऐकूच येत नव्हतं.

९:२७ (७:५७)

मरिना जांबूच्या भरती-मापकावर ०.९ मीटरची उसळी.

हा आकडा फसवा आहे. बंदराच्या आडोशाला ठेवलेलं यंत्र एवढंच सांगतं. उघड्या किनाऱ्यावर पाणी किती चढलं ते नंतर झाडांवरच्या खुणांवरून मोजलं, तेव्हा तांजुंग लेसुंगजवळ ते १३ मीटरपर्यंत निघालं.

साडेनऊच्या सुमारास (८:००)

स्टेजवर सेव्हन्टीनचं गाणं चालू. समोर टेबलं, गोल बसलेली कुटुंबं, टाळ्या. ह्या क्षणाचा व्हिडिओ जगानं बघितला. गायक पुढं सरकतो, ढोलवाला वादनात आहे, आणि मागचा पडदा एकदम पोट आल्यासारखा फुगतो. पाणी दिसतच नाही. दिसतो तो स्टेज, जो प्रेक्षकांच्या अंगावर चालत येतो. मग चित्र आडवं होतं.

मी तो व्हिडिओ एकदाच बघितला. लक्षात राहिलं ते हे की पहिल्या क्षणी कोणी पळत नाही. तो कार्यक्रमाचाच भाग असावा असं वाटून माणसं बघत राहतात. बँडमधला एक गायक वाचला. त्याचे सोबती आणि त्याची बायको गेली.

जमीन हलली नव्हती. 'भूकंप जाणवला तर उंचावर पळा' हे किनाऱ्यावरच्या शाळांत शिकवलेलं होतं. ज्यांना ते पाठ होतं तेही जागेवर बसून राहिले, कारण भूकंप जाणवलाच नाही.

९:३३, ९:३५, ९:५३ (८:०३, ८:०५, ८:२३)

चिवांदान ०.३५ मीटर, सुमात्राकडं कोता आगुंग ०.३६, पांजांग बंदर ०.२८. कागदावर इवल्याशा रेघा.

रात्र चढत गेली तशी

लोक अंधारात टेकड्यांकडं पळत होते आणि बीएमकेजी ट्विटरवर सांगत होतं की ही सुनामी नाही, भरतीचं पाणी आहे. आपत्ती निवारण संस्थेचे प्रवक्ते सुतोपो पुर्वो नुग्रोहो यांनीही आधी तसंच कळवलं. पौर्णिमा आहे, भरती मोठी आहे, सकाळीच मोठ्या लाटांचा इशारा दिला होता, आणि भूकंप तर नाहीच. एकेक पुरावा खरा होता. चारही एकत्र ठेवल्यावर उत्तर चुकलं. आमच्या आईचं आणि त्यांचं उत्तर एकच निघालं ते असं. आईकडं निदान यंत्रं नव्हती.

पुढं सुतोपोंनी ते ट्विट काढून टाकून उघड माफी मागितली. हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं पूर ओसरल्यावर चुकलेल्या अंदाजाबद्दल कोणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हा माणूस तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात होता. रोज पत्रकारांना सामोरा जात होता. जुलै २०१९ मध्ये तो गेला.

रविवार, २३ डिसेंबर, सकाळी ७:०० (५:३०)

मृत ४३. पांडेग्लांग जिल्ह्यातल्या सुमुरकडचे रस्ते तुटलेले, तिथून आकडाच येत नव्हता.

त्याच संध्याकाळी

मृत २२२. सुमुर अजून पुरतं मोजलेलं नव्हतं.

गुरुवार, २७ डिसेंबर

ज्वालामुखीचा इशारा तिसऱ्या पातळीवर नेला, बंदी दोन किलोमीटरवरून पाच किलोमीटर केली. विमानं वळवली. अखेरचा आकडा ४३७ मृत.

इथं तिकडचा घटनाक्रम संपतो. माझी वही तिथं संपली नाही.

आमचा सह्याद्रीही लाव्ह्याचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेले, ते थंड होऊन हे कातळ झाले. तो पेटणार नाही, त्याबद्दल निवांत असा. पण पेटल्याशिवाय डोंगर पडत नाही असं कुठं आहे? कृष्णा-कोयना खोऱ्यात पावसाळा आला की सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीवर लागतं: कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, आयर्विन पुलाला पाणी किती फूट. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विनवर पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हापासून आमच्याकडची शाळकरी पोरंही हे आकडे तोंडपाठ सांगतात. घंटा नदीला बांधलीय, आणि ती बांधणं बरोबरच आहे.

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं घरं गेली ती नदीनं नव्हे, मागच्या डोंगरानं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर डोंगर आला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती. यादी होती, धोका यादीबाहेर होता.

मधल्या काळात दुसऱ्या टोकाचंही एक बघायला मिळालं. सप्टेंबर २०२१ मध्ये अटलांटिकमधल्या ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी पेटला, आणि आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर अमेरिका बुडणार असं फिरू लागलं. त्या बेटाची एक बाजू कोसळली तर महासागर ओलांडून लाटा जातील, असं २००१ च्या एका अभ्यासात मांडलं होतं खरं. पण ते टोकाचं गणित होतं, आणि पुष्कळ शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं. उद्रेक ८५ दिवस चालला. घरं लाव्ह्याखाली गेली, बेट जागेवर राहिलं. गंमत बघा, न पडलेल्या डोंगराची भीती इस्लामपुरात फिरली. २०१२ मध्ये मिनिटांसकट सांगून ठेवलेल्या डोंगराची बातमी चारिताच्या किनाऱ्यावर नाताळाला जमलेल्या माणसांपर्यंत पोहोचली नाही.

हिंदी महासागरात आपल्यासाठी पहारा करते ती हैदराबादची इन्कॉइस. तिचं केंद्र २००७ पासून चालू आहे आणि समुद्रातल्या मोठ्या भूकंपांवर ते डोळ्यांत तेल घालून बसतं. मकरानच्या बाजूला १९४५ सारखा भूकंप झाला तर कोकणाला काही तास आधी कळेल. ते पुष्कळ आहे. पण जवळच, पाण्याखालचा उतार बिनभूकंपाचा घसरला, तर सांगायला वेळही राहत नाही आणि यंत्रही.

अनाक क्राकाताऊ पडल्यावर पुन्हा वाढू लागला. एप्रिल २०२२ मध्ये त्याचा इशारा परत तिसऱ्या पातळीवर न्यावा लागला.

दत्तजयंतीला आम्ही अजूनही औदुंबरला जातो. पण या सुट्टीत तुम्ही कोकणात मुक्कामाला चालला असाल, तर समुद्रासमोरची खोली खुशाल घ्या. तिथून वरच्या वाडीकडं जाणारी पाखाडी कुठून सुटते ते मात्र उजेडी एकदा चालून बघा. रात्री पाणी कधी नव्हे ते अंगणात आलं, तर पौर्णिमा आहे का हे कॅलेंडरात बघत बसू नका आणि जमीन हलायची वाट बघू नका. सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर ती हललीच नव्हती.